एकवीस हजारांत जबाबदारी मिळत नाही

पैसे मिळणार नाहीत. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू अर्धा तास मान हलवत ऐकशील आणि शेवटी "मग सर, अण्णांशी बोलता ना?" असं विचारशील, ते तरी टळेल. एकवीस हजार रुपये, नव्वद दिवस आणि वर आयुष्य बदलण्याची हमी. त्या लाइफ कोचचं गुळगुळीत कागदाचं रंगीत पत्रक तू माझ्या टेबलावर ठेवून गेलास, मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. आता माझं ऐक. मोबाईल खिशात ठेव. खिशात म्हणालो, मांडीवर नाही.

या लाइफ कोचची महती मी अण्णांच्या गळी उतरवावी, म्हणजे ते नाही म्हणणार नाहीत, असा तुझा हिशेब. माझ्या शब्दाला ते मान देतात, हे तू दहावीपासून बघतोयस. पत्रकाच्या पहिल्याच पानावर ठळक छापलंय की तुमच्या आयुष्याची शंभर टक्के जबाबदारी तुमचीच. ती घ्यायला शिकायचं म्हणून तू बापाचे पैसे, मास्तराच्या शब्दावर, तिऱ्हाइताला द्यायला निघालास. यात हसण्यासारखं काय आहे ते तुला दिसत नाही, म्हणून तर समोर बसवलंय.

तुझ्या कॉटशेजारच्या भिंतीचा फोटो तू मोठ्या कौतुकाने दाखवलास. व्हिजन बोर्ड. पाचशे रुपयांच्या पहिल्या सेमिनारमध्ये करून घेतला म्हणालास. मधोमध कलेक्टर कचेरी, खाली आईवडिलांचा फोटो, वर 'मी अधिकारी झालो आहे' असं ठसठशीत अक्षरात, आणि उजवीकडे पांढरी गाडी, तिच्या टपावर लाल दिवा. अरे, गाड्यांवरचे लाल दिवे केंद्र सरकारने 1 मे 2017 पासून बंद केले. कलेक्टरचं सोड, मंत्र्यांच्या गाडीवरूनही ते उतरले. चालू घडामोडींची तीन-तीन मासिकं उशाशी घेऊन झोपणारा मुलगा रोज सकाळी उठून ज्या चित्राकडे बघत ध्यान लावतो, ते चित्रच बाद झालेलं आहे. तुला नोकरी हवी आहे की दिवा, एवढं तरी एकदा ठरव. तहसीलदाराचा दिवस कसा जातो, ठाऊक आहे? फेरफाराच्या तक्रारी, शेतरस्त्यांची भांडणं, गारपिटीचे पंचनामे, रात्री-अपरात्री वाळूच्या गाड्या. आपलं तहसील तुझ्या घरापासून एसटीने अर्ध्या तासावर. एक दिवस तिथल्या बाकावर नुसतं बसून बघावं, असं तुला कधी वाटलं नाही. फोटो कापायला मात्र वेळ मिळाला.

आता पिशवीतून ती प्रश्नपत्रिका काढ. 28 मे 2023, केंद्रीय लोकसेवा आयोगाची पूर्व परीक्षा, सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर. त्या वर्षीची उत्तरतालिका आयोगाने अंतिम निकालानंतर जाहीर केली. तू ती उतरवूनही घेतली होतीस. मोबाईलमध्ये पडून होती. पेपराशी ताडून बघितली नव्हतीस. गेल्या आठवड्यात मी पाठीमागे उभा राहिलो, तेव्हा ताडलीस.

चौऱ्याण्णव प्रश्न सोडवलेस. एकोणपन्नास बरोबर, पंचेचाळीस चूक. बरोबरचे झाले 98. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुणांच्या एक तृतीयांश इतकी कपात, म्हणजे पंचेचाळीस चुकांचे 30 गेले. हाती उरले 68. त्या वर्षी खुल्या गटाचा कटऑफ होता 75.41.

"सातेक मार्कांनी गेलं सर, नशीबच नाही." हे वाक्य तू मेसमध्ये सांगितलंस, अभ्यासिकेत सांगितलंस, मामाच्या घरी लग्नात सांगितलंस. तेच ते सांगून वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की आता तुलाही खरं वाटतं. म्हणून त्या पंचेचाळीस चुकांवर मी तुला तीन रंगांच्या खुणा करायला लावल्या. किती कुरकुरलास! "सर, झाली ती परीक्षा आता, उगाळून काय उपयोग?" पण खुणा झाल्या. बघ आता.

बारा लाल. हे निव्वळ तुक्के. चार पर्यायांत डोळे मिटून तुक्का मारला, तर सरासरीने चारातला एक लागतो, तीन फसतात. लागलेल्याचे दोन मिळतात, फसलेल्या तिघांचे मिळून दोन जातात. हाती भोपळा. दहावीला गणितात शंभरात अठ्ठ्याण्णव घेणाऱ्याला हे गणित परीक्षेच्या हॉलमध्ये सुचू नये? बरं, जे तुक्के लागले, ते तू स्वतःच्या हुशारीच्या खाती जमा केलेस. फसले ते नशिबाच्या नावे लिहिलेस.

चौदा निळे. इथे जरा थांब. 'येत होतं, पण प्रश्न नीट वाचला नाही,' असं तू स्वतःच्या हाताने समासात लिहिलंयस, चौदा वेळा. त्या वर्षी आयोगाने 'वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत' हा प्रकार सढळ हाताने विचारला होता. फक्त एक, फक्त दोन, की तिन्ही. एक विधान ओळखायचं आणि त्यावरून दोन पर्याय उडवून लावायचे, ही क्लासमधली युक्ती तिथे चालत नव्हती. तिन्ही विधानं वाचावीच लागत होती. बासष्टाव्या प्रश्नाकडे बघ. पहिल्या दोन विधानांखाली पेन्सिलीची रेघ आहे. तिसरं विधान कोरं. त्याच्यावर तुझी नजर फिरल्याची खूण नाही आणि उत्तर मात्र ठोकून दिलेलं. या चौदांपैकी तीन, फक्त तीन प्रश्न तू शेवटपर्यंत वाचले असतेस, तर प्रत्येकी दोन गुण मिळाले असते आणि कापलेले गेले नसते. तिघांचे मिळून आठ. अडुसष्ट आणि आठ?

मोठ्याने सांग.

शहात्तर. कटऑफच्या वर. तू अधिकारी झाला असतास असं मी म्हणत नाही, पुढे मुख्य परीक्षेचा डोंगर उभा होता. पण ज्याला तू दोन वर्षं नशीब म्हणत आलास, ती तीन न वाचलेली वाक्यं होती. आणि हे शोधायला कोच लागला नाही. तीन रंगांची पेनं लागली, एक दुपार लागली.

उरले एकोणीस हिरवे. वाचलेलं, रेघा मारलेलं, ऐन वेळी न आठवलेलं. तुझं राज्यव्यवस्थेवरचं लक्ष्मीकांतचं पुस्तक मी चाळलं. पिवळी रेघ पहिल्या वाचनाची, गुलाबी दुसऱ्या, हिरवी तिसऱ्या. काही पानांवर रेघ न मारलेली ओळ शोधावी लागते. याला तू तीन रिव्हिजन म्हणतोस. मी याला रंगकाम म्हणतो. रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून पान मिटलं आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून काढणाऱ्यांनी त्यांना चांगलंच मागे टाकलं होतं. आणि यातली गोम अशी, की आपल्याला हे पुढे छान आठवेल याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. ओळखीचं वाटणं आणि येणं यांत फरक असतो, लेका. वर्गात मी पुस्तकं मिटून लिहायला लावायचो तेव्हा तू खिडकीबाहेर बघत बसायचास, आठवतं? अभ्यासिकेत बारा तास बसतो म्हणून अण्णांना अभिमानाने सांगतोस. बारा तास खुर्ची गरम होते. त्यातले किती तास पुस्तक मिटलेलं आणि पेन चालू असतं, त्याची नोंद ठेवलीस कधी? त्या बारा तासांत पुण्यातल्या शास्त्री रस्त्यावरच्या टपरीवरचे चहा किती, आणि प्रत्येक चहामागे आयोगाच्या कारभारावरची चर्चा किती?

आता तू आयोगाचं नाव घेणार. घे. तो विषयही उघडच करू.

आयोग चुकत नाही असं म्हणणारा मी नाही. मार्च 2021 मध्ये राज्याच्या लोकसेवा आयोगाने राज्यसेवेची पूर्व परीक्षा तोंडावर आली असताना पुढे ढकलली, पोरं पुण्यात रस्त्यावर उतरली तेव्हा कुठे नवी तारीख मिळाली. ऑगस्ट 2024 मध्ये राज्यसेवा आणि आयबीपीएसची बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली, कृषी सेवेच्या 258 जागांचा घोळ होता तो वेगळाच. पुन्हा आंदोलन झालं, 25 ऑगस्टची परीक्षा पुढे गेली. तू त्या रात्री रस्त्यावर होतास. बरोबर केलंस. मागणी रास्त होती, कृषी पदवी घेतलेल्या मुलाने त्या जागांसाठी ओरडायलाच हवं होतं. आयबीपीएसचा अर्ज तू मुळात भरलाच नव्हतास, ते सोडून देऊ.

माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. ती परीक्षा झाली 1 डिसेंबरला. तीन महिन्यांहून जास्त वेळ तुम्हा मुलांनी भांडून मिळवला. त्या तीन महिन्यांत तू काय केलंस? आणि त्याच्या आधीचं, 2023 चं सांग. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करणार म्हटल्यावर तुम्ही रस्त्यावर बसलात, नवी पद्धत 2025 पासून लागू करा म्हणालात, आयोगाने ते मानलं. लिहिण्याचा सराव करायला वेळ हवा, असंच म्हणत होतात ना? दोन वर्षं मिळाली. त्या दोन वर्षांत तू हाताने लिहिलेलं एक उत्तर मला दाखव. एक. अडीचशे शब्दांचं. वही आणलीच नाहीस, हे मला दिसतंय. वही असती तर आणली असतीस.

पाऊस कधी पडेल हे तुझ्या अण्णांच्या हातात नाही, पण म्हणून ते मृगाच्या आधी रानाला कुळवाची पाळी घालायचं सोडत नाहीत. पाऊस लांबला तर आभाळाला शिव्या देतात, चांगल्या सणसणीत देतात, पण रान तयार ठेवून मग देतात. तू नुसत्या शिव्या उचलल्यास.

आणि म्हणूनच त्या पत्रकातलं 'शंभर टक्के' मला मान्य नाही. ते वाक्य ऐकायला कणखर वाटतं, पण आहे लबाडीचं. 2023 च्या त्या केंद्रीय परीक्षेला अर्ज आले 10,16,850. प्रत्यक्ष बसले 5,92,141. मुख्य परीक्षेला पात्र ठरले 14,624, मुलाखतीपर्यंत पोचले 2,855 आणि शेवटी शिफारस झाली 1,016 जणांची. जागाच मोजक्या. बसलेल्या प्रत्येक मुलाने स्वतःला शंभर टक्के झोकून दिलं असतं, तरी 5 लाख 91 हजार घरी गेले असते. त्यांना 'तुझ्या विचारांतच खोट होती' असं सांगणारा माणूस एक तर आकडे वाचत नाही, किंवा वाचून गप्प बसतो, कारण नापास झालेला मुलगा हेच त्याचं पुढचं गिऱ्हाईक असतं. यश मिळालं तर त्याच्या कार्यक्रमामुळे, अपयश आलं तर तुझ्या नकारात्मकतेमुळे. असा धंदा मलाही आवडेल. चहाची टपरी टाकायची तर आपल्याकडे नोंदणी लागते, लाइफ कोच म्हणून पाटी लावायला काही लागत नाही.

काही भले लोकही या व्यवसायात असतील. ते बडबड कमी करतात, प्रश्न विचारतात आणि उत्तर तुझ्याच तोंडून येईपर्यंत थांबतात. नव्वद दिवसांची हमी असली माणसं देत नाहीत.

तेव्हा निवड झाली नाही याचा दोष मी तुला देत नाही. नीट ऐक, कारण हेच तू घरी जाऊन उलटं सांगशील. नापास होणं हा गुन्हा नाही. पण ते बारा, चौदा आणि एकोणीस तुझे आहेत. आयोगाचे नाहीत, आरक्षणाचे नाहीत, गावातल्या शाळेचे नाहीत, आणि मी इंग्रजी नीट शिकवलं नाही असं तू मित्राला म्हणालास म्हणे, तर माझेही नाहीत. मी गणित शिकवायचो. जे आयोगाचं आहे ते आयोगाच्या दारात मांडायला जा, मी येतो बरोबर. जे तुझं आहे ते मात्र उचल. सगळंच सरकारचं म्हटलं की तू मोकळा. आणि सगळंच माझं म्हणून व्हिजन बोर्डासमोर डोळे मिटून बसलं की तेव्हाही मोकळाच, कारण सगळं माझं म्हणणाऱ्याला नेमकं कोणतं हे सांगावं लागत नाही.

दोन प्रश्नांची उत्तरं दे, मग पुढचं बोलू. 2024 ला केंद्रीय परीक्षेचा अर्ज भरून तू पेपरलाच गेला नाहीस. का? "तयारी पुरेशी नव्हती, अटेम्प्ट वाचवला." नियम तुला बरोबर ठाऊक आहे, पूर्व परीक्षेच्या एकाही पेपरला बसलं नाही तर अटेम्प्ट मोजत नाहीत. आत्ताच आकडे वाचले ना? 2023 ला अर्ज भरून न बसलेले सव्वाचार लाख होते. त्यांत आजारी पडलेले असतील, नोकरी लागलेले असतील, पण तुझ्यासारखे अटेम्प्ट वाचवणारेही ढिगाने असतील. वाचवून त्याचं करणार काय आहेस? अटेम्प्ट सहाच आहेत हे लक्षात ठेवलंस, वय बत्तीसपर्यंतच आहे हे सोयीस्कर विसरलास. अटेम्प्ट वाचतो, वर्ष वाचत नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा. कॉट, मेस, अभ्यासिका, झेरॉक्स, टेस्ट सिरीज, सगळं धरून महिन्याला दहा हजार अण्णा पाठवतात. 2024-25 मध्ये सोयाबीनचा हमीभाव होता 4,892 रुपये क्विंटल. बाजारात अनेकदा तेवढाही मिळाला नाही. म्हणजे त्या भावाने तुझा एक महिना दोन क्विंटलहून जास्त सोयाबीन खातो, आणि आपल्या कोरडवाहू रानात एकरी पाच-सहा क्विंटल उतरलं तरी लोक देवाला नारळ फोडतात. यातून बी-बियाणं, खत, फवारणी, काढणीची मजुरी अजून वजा व्हायची आहे. तू कृषीचा पदवीधर आहेस, हा हिशेब मला मांडावा लागतो याचीच लाज वाटते.

आणि तुझी धाकटी बहीण. बारावीला चांगले गुण होते. नर्सिंगला जायचं म्हणत होती, माझ्याकडे फॉर्म विचारायला आली होती. घरात सांगितलं, यंदा जमणार नाही, दादाचं एकदा होऊ दे. ती आता गावातच शिवणकाम करते. तुला हे ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. तू त्या वेळी घरी आला होतास, दिवाळीत. तुझ्या समोर हे बोलणं झालं आणि तू ताटात खाली बघत राहिलास. तुझ्या 'संघर्षा'च्या गोष्टीत तिचं नाव कुठेच येत नाही. त्या मुलीच्या दोन वर्षांवर तू एकवीस हजारांचं आणखी एक ओझं टाकायला आलास. मला राग आलाय तो याचा.

रडू नकोस. किंवा रड, पण ऐकत रड.

आत्मविश्वास गेलाय, तो कोच परत आणून देईल म्हणतोस. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली यावर पायाभूत मांडणी केली. हे मला जमतं असा भरवसा माणसाला कशातून येतो? सगळ्यांत पक्का येतो तो प्रत्यक्ष काम हातून पार पडल्याने. दुसऱ्याने 'तू करू शकतोस' म्हणून पाठ थोपटली तर त्याने येणारा भरवसा कच्चा, पहिली ठेच लागली की गळून पडतो. तू पाचशे रुपये देऊन तो कच्चा माल एकदा घेऊन आलास. किती दिवस टिकला? पुढच्या टेस्ट सिरीजच्या निकालापर्यंत. आता तोच माल एकवीस हजारांचा घ्यायचा म्हणतोस.

त्यापेक्षा उद्यापासून काय करायचं ते ऐक. मोठं काही नाही. सकाळी उठलास की आदल्या दिवशी वाचलेलं पुस्तक मिटून दोन पानं लिहायची. चुका लाल पेनाने तूच सुधारायच्या. दर रविवारी एक जुना पेपर, घड्याळ लावून, आणि त्याच संध्याकाळी तीन रंगांच्या खुणा. निळे किती उरले एवढंच मला कळवायचं, बाकी काही सांगू नकोस, विशेषतः कसं वाटतंय ते सांगू नकोस. भिंतीवरचा तो तक्ता काढून टाक. ही प्रश्नपत्रिका तिथे लावलीस तरी चालेल.

पुण्यात राहायलाच हवं का, याचाही विचार कर. पोरं पुण्यात राहतात ती अभ्यासाला आणि तितकीच गावाला तोंड दाखवायला नको म्हणूनही. गावात अभ्यास होत नाही, लोक विचारतात, हे मला मान्य आहे. पण तालुक्याला वाचनालय आहे, आणि लोक काय विचारतात ते तुला ठाऊक आहे. उत्तर तयार ठेवलंस की विचारणं बंद होतं.

आणि शेवटची तारीख ठरव. मनात नाही, कागदावर. कोणता अटेम्प्ट शेवटचा, आणि त्याच्या आधी कोणत्या नोकरीचे अर्ज जातील. बँकांत कृषी क्षेत्र अधिकाऱ्याची परीक्षा असते, ती तुझ्याच पदवीसाठी आहे. कृषी खात्याची भरती आहे. बी-बियाण्यांच्या, ठिबकच्या कंपन्या तुझ्यासारख्या मुलांना घेतात, पगार सुरुवातीला फार नसतो, पण तो तुझा असतो. याला तुमच्यात प्लॅन बी म्हणतात आणि ज्याच्याकडे तो असतो त्याला कच्च्या मनाचा समजतात, हे मी ऐकून आहे. असं समजणाऱ्यांच्या कॉटचं भाडं कोण भरतं, ते एकदा विचार. नोकरी करून अभ्यास करणारी माझी दोन मुलं आज पोस्टवर आहेत, तीन नाहीत. ती तिघं उपाशी नाहीत आणि कुणाच्या बहिणीचं शिक्षण अडवून बसलेली नाहीत.

एक सांगून ठेवतो. मी कितीही बोललो तरी रात्री-बेरात्री मनात नको ते यायला लागलं, तर पहिला फोन मला करायचा. दोन वाजले असतील तरी. तेव्हा मार्क विचारणार नाही.

आता मात्र विचारतो. अण्णांना या परीक्षेबद्दल तू काय सांगितलंयस? "थोडक्यात गेलं." तो भला माणूस दोन वर्षं पारावर बसून चार लोकांना तेच सांगतो. थोडक्यात गेलं म्हटल्यावर पुढच्या वेळी होणार, या आशेवर तो दहा हजार पाठवतो. पैसे तू खोटं बोलून घेतलेले नाहीस, हे खरं. अर्धंच बोलून घेतलेस.

काढ तो मोबाईल आता. लाव फोन, इथेच, माझ्यासमोर. या वेळी ते गोठ्यात असतील, दोनदा लावावा लागेल, लाव. पैशांचा विषय काढायचा नाही. किती मार्क पडले, किती हवे होते, चौदा प्रश्न कसे गेले, ते त्यांना कळेल अशा भाषेत सांग. कटऑफ म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसेल, तर समजावून सांग, तुला वेळ आहे. बहिणीच्या फॉर्मचंही विचार, यंदाची मुदत आहे का अजून. आणि आकडा नीट उच्चार. अडुसष्ट.